हिला वेग सोसत नाही

“ब्रेक! अरे ब्रेक धर, ब्रेक!”

सायकल शिकवताना माझ्यामागून धावणाऱ्या वडिलांचा हा आवाज अजून माझ्या कानात तसाच आहे. इतर मुलांचे वडील “पायडल मार, पायडल” म्हणून ओरडायचे. आमचे वडील मी सीटवर टेकायच्या आधीपासून ब्रेक धरायला सांगायचे. सायकल जागची हललेली नसायची, मी मात्र दोन्ही ब्रेक आवळून, ओठ चावून, मोठ्या संकटातून वाचल्यासारखा बसलेला असायचो.

पुढे मी ड्रायव्हिंगची परीक्षा घेणारा निरीक्षक झालो, यात नवल काही नाही. आमच्या ऑफिसच्या मागच्या मैदानात चुन्यानं आखलेला आठचा आकडा आहे. त्यावरून लोकांना फिरवायचं आणि बहुतेकांना परत पाठवायचं, हे माझं काम. गावात मला ‘नापास साहेब’ म्हणतात. माझ्या तोंडावर नुसतंच साहेब म्हणतात. पण त्याआधी क्षणभर थांबतात, आणि तेवढ्या जागेत उरलेला शब्द मला ऐकू येतो.

अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर दोन दारांची स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आणावं, तीही जुनी, तीही अशी की रोज ऑफिसला नेता यावी आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर पळवता यावी, हे सांगताना मला आजही लाज वाटते. मनात का आलं म्हणून विचाराल, तर मनाला उंबरा नसतो. कुणीही केव्हाही आत येतं आणि पाणी मागतं.

तर माझ्या मनात दोन गाड्या आल्या.

एक लाल. ती आमच्या दातांच्या डॉक्टरांची. टर्बो इंजिन, पुढची चाकं ओढणारी, मागे दोन सीटा. त्या सीटांवर माणूस मावत नाही, पण माणसाची पिशवी छान मावते. रस्त्यावर मऊ, डिकी मोठी, सगळं कसं समंजस. दुसरी निळी. ती शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाईंची. टर्बो नाही, मागची चाकं ढकलणारी, बसायला दोनच सीटा. इंजिनाला वरच्या फेऱ्यांपर्यंत नेल्याशिवाय ते बोलत नाही, आणि खालून इतकी कडक की रस्त्यावर पडलेल्या नाण्यावरून गेली तर छापा होता की काटा ते बसणाऱ्याला कळावं.

ऑफिसात आठच्या आकड्याकडे बघताबघता माझ्या डोक्यात आपोआप ओवी जुळायला लागली:

*लाल गाडी दारी, जशी जास्वंद फुलली,*
*निळी गाडी दारी, सांज उंबऱ्यात आली.*

दोन्ही गाड्यांना मी एकेक ओळ दिली. निरीक्षकानं निष्पक्ष असावं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना टॉर्ककाका म्हणते, कारण ‘काय काका, बरं आहे ना’ असं विचारलं तरी ते टॉर्कपाशी पोचतात. मी सल्ला मागितला नव्हता. मी फक्त जिन्यात त्यांना दिसलो होतो.

“पुढची चाकं ओढणार की मागची ढकलणार, हा मूलभूत प्रश्न आहे,” काका म्हणाले. “वळणात पुढची ओढणारी गाडी बाहेर जायला बघते. मागची ढकलणारी स्वतःभोवती फिरायला बघते. तुम्ही ठरवा, तुम्हाला कसं जायचंय.”

“कुठं जायचंय?”

“खड्ड्यात.”

काकू दारातून म्हणाल्या, “आमच्याकडे मीच ढकलते. यांना विचारा, किती वर्षं वळण आलं नाही.”

काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. “मग घोडं कुठं अडलंय?”

आता खरं उत्तर असं होतं की घोडं माझ्या छातीत अडलं होतं. पण जिन्यात उभं राहून असं काही बोलता येत नाही. मी मान हलवली, आवाज थोडा खाली आणला आणि म्हणालो, “आमच्या मिसेसचं जरा… हिला वेग सोसत नाही.”

“अरेरे,” काका म्हणाले.

“अरेरे,” काकूही म्हणाल्या, पण त्यांचं ‘अरेरे’ वेगळ्या चालीचं होतं.

हे वाक्य माझं जुनं. छत्रीसारखं. सरळ रस्त्यावर मागून कुणी हॉर्न वाजवला, लग्नकार्याला आम्ही जेवणं उरकल्यावर पोचलो, मेव्हण्यानं “जावईबापू, बैलगाडी बरी” म्हणून चिमटा काढला, की मी ते उघडायचो. बायको शेजारी बसलेली असायची. ती काही म्हणायची नाही, खिडकीबाहेर बघायची. तिचं हे गप्प राहणं मी भीतीच्या खात्यावर टाकलेलं होतं.

घरी मी तिला रीतसर विचारलं. “अगं, लाल की निळी?”

ती भाजी निवडत होती. “तुम्हाला बरं वाटेल ती.”

“पण तुझं मत?”

“चांगल्या आहेत दोन्ही.”

“भीती वाटत असेल तर तसं सांग.”

तिनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं आणि वाटीतल्या पाण्यात मासा वळावा तसं वळून परत गेलं. “कोथिंबीर संपलीय,” ती म्हणाली.

लाल गाडी बघायला मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ती बरोबर वेटिंग रूमच्या खिडकीसमोर लावली होती. मी दार उघडून बसलो, म्हणजे पडलो. सीट इतकी खाली की समोरचा रस्ता मला मुंगीच्या बाजूनं दिसायला लागला. डॉक्टर शेजारी बसले, आणि सवयीनं म्हणाले, “आरामात मागे टेका. काही दुखणार नाही.”

आम्ही निघालो. पुढे मोकळा रस्ता लागला.

“दाबा,” डॉक्टर म्हणाले.

मी दाबलं. ब्रेक.

“ॲक्सिलरेटर हो.”

“हो, हो. त्याचं काय आहे, मिसेसना वेग सोसत नाही.”

डॉक्टरांनी मागच्या पिशवीच्या सीटवर नजर टाकली. “पण वहिनी तर घरी आहेत.”

“हो, पण सवय लागलीये.”

परत आल्यावर मला गाडीतून बाहेर येता येईना. एक पाय बाहेर काढला की दुसरा स्टिअरिंगखाली अडकायचा. दोन्ही काढले की बाकीचा मी आतच. शेवटी हात जमिनीला टेकून, लहान मूल पायरी उतरतं तसा मी उलटा बाहेर आलो. खिडकीत सगळे पेशंट उभे होते. अर्ध्यांची तोंडं बधिर केलेली असल्यामुळे त्यांना हसता येत नव्हतं, म्हणून ते नुसते डोळ्यांनी हसले. माणसाला असं हसलेलं फार लागतं.

निळीचं त्याहून वाईट झालं. पीटीच्या बाई गाडी घेऊन स्वतःच आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या. म्हणजे आल्या असत्या. आमच्या फाटकाशी एक गतिरोधक आहे. बिल्डिंगमधली मुलं सायकली जोरात नेतात म्हणून तो घालावा असा मीच मागे लागलो होतो, आणि घातलेला बुटका वाटला म्हणून मीच तो वाढवून घेतला होता. निळी गाडी त्यावर चढली, आणि पोट टेकून झोपाळ्याच्या फळीसारखी डुलत राहिली. पुढची चाकं आमच्या आवारात, मागची रस्त्यावर, चारांतल्या एकालाही जमिनीची ओळख नाही.

सगळी बिल्डिंग खाली आली. टॉर्ककाकांनी तरफेचा सिद्धांत सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकला, पर्समधून शिट्टी काढली आणि फुंकली. चार मजल्यांचे पुरुष एका रांगेत ताठ झाले.

“उचलायची, ओढायची नाही! गुडघ्यात वाका! कोण तो हसतोय?”

कुणी हसत नव्हतं. गाडी उचलली गेली. बाईंनी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि विचारलं, “एवढा मोठा उंचवटा कुठल्या गाढवानं घातला?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, वाऱ्यानं शेत वळावं तशा. वर गॅलरीत आमची ही कपडे वाळत घालत होती. तिनं ओला टॉवेल तोंडाला लावलेला मला दिसला.

“बसा एकदा,” बाई म्हणाल्या. मी निळीत बसलो. त्याबद्दल मी घरी काही बोललो नाही, आणि इथंही काही लिहिणार नाही.

बाईंनी आणि डॉक्टरांनी मिळूनच तोडगा काढला. दोघंही एकाच कार क्लबात होते. गावाबाहेरच्या ट्रॅकवर रविवारी सगळ्यांसाठी खुला दिवस होता. “दोन्ही गाड्या तिथं चालवा,” डॉक्टर म्हणाले. “संध्याकाळी सांगा. दोन्हींना दुसरी गिऱ्हाइकं थांबलीयत, आता उगाच लोंबकळत ठेवू नका. वहिनींनाही आणा, म्हणजे त्यांची भीती जाईल.”

पण ट्रॅकवर जायला एक प्रमाणपत्र लागतं: सदर इसम गाडी चालवण्यास सक्षम आहे. ते देतं आमचंच ऑफिस. आणि आमच्या ऑफिसचा नियम असा की कुणी स्वतःला पास करू शकत नाही. नियम चांगला आहे, तो मीच वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आलो. तेव्हा माझी परीक्षा घेतली आमच्या धाकट्या निरीक्षक बाईंनी, ज्यांना हे काम मी शिकवलं.

माझ्या खिडकीसमोर, माझ्या मैदानात, मी आठचा आकडा काढला. सुबक काढला. उतरलो तर बाईंचा चेहरा पडलेला.

“सर, नापास.”

“काय?”

“गाडी सुरू करण्याआधी तुम्ही उतरून मागे बघितलं नाही. तुम्हीच सांगितलंय सर, मागे न बघणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं नाही.” त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “मला फार वाईट वाटतंय, सर.”

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. कुणीतरी मागून “वा!” म्हटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी उतरून, मागे बघून, वाकून चाकाखालीही बघून पास झालो. चहाला गेलो तर टपरीवर लोकांनी माझ्याकडे पेढे मागितले.

या सगळ्याचा त्रास मला झाला तेवढा कुणालाच झाला नसेल, असं तेव्हा मला वाटायचं. एकदा ही बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बायका होत्या. म्हणाल्या, घेऊ द्या हो त्यांना गाडी, एवढी काय ती भीती. नवऱ्याची एवढीशी हौस.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मजला आला,” ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी आम्ही ट्रॅकवर पोचलो. तिथं जमलेली निम्मी माणसं मी कधी ना कधी नापास केलेली होती. वेगाची आवड असलेल्यांनाच मी नापास करत आलो होतो. मग ते दुसरीकडे कुठं जमणार? बेकरीवाला पुढे आला. याला मी इतक्यांदा परत पाठवला होता की शेवटी आमची मैत्रीच झाली होती. त्याची पिवळी गाडी ओव्हनमधून काढल्यासारखी चकाकत होती.

“साहेब! तुम्ही इथं? आणि वहिनी पण! वहिनी, घाबरू नका हं. डोळे मिटून बसायचं.”

हिनं मान डोलावली.

सुरुवातीला सगळ्यांना सूचना दिल्या. मी सूचना देणारा माणूस आहे, ऐकण्याची मला सवय नाही. त्या वेळी मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो आणि त्यात माझी दाढी अडकली होती. त्यामुळे एक सूचना माझी हुकली. ट्रॅकवर इंडिकेटर वळण्यासाठी देत नाहीत. ज्या बाजूचा दिवा लावाल, त्या बाजूनं मागच्यानं पुढे निघून जावं, असा त्याचा अर्थ.

लाल गाडी घेऊन डॉक्टरांसोबत मी निघालो. पहिलं वळण उजवं. मी पद्धतशीर उजवा इंडिकेटर दिला. उजवीकडून एक गाडी सूं करून गेली. पुढे डावं वळण. डावा दिला. डावीकडून दोन गेल्या. मी जितका नियमानं वागत होतो, तितकी माणसं मला ओलांडत होती. बेकरीवाला तर जाताना हात जोडून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी त्याला पुढे जाऊ दिलं होतं.

“इंडिकेटर नका देऊ,” डॉक्टर कळवळून म्हणाले.

“न देता वळू?” मी विचारलं. जन्मात मला कुणी इतकं अभद्र काही सुचवलं नव्हतं.

मग निळी. बाई स्वतः एका वळणावर झेंडे घेऊन उभ्या होत्या, म्हणून माझ्या शेजारी ही बसली. हेल्मेटमध्ये तिचे फक्त डोळे दिसत होते. गाडी सुरू झाली आणि पाठीच्या कण्यातून एक आवाज वर चढला, विहिरीत रहाट फिरावा तसा, खोल आणि ओला. मी पाय टेकवला. किंचित. गाडी म्हणाली, आणखी. मी पाय काढून घेतला.

मागे गाड्यांची माळ लागली. बाईंनी वळणावरून निळा झेंडा हलवला. त्याचा अर्थ, मागच्यांना जाऊ द्या. पण आमच्या रस्त्यांवर कुणी बाई भर रस्त्यात झेंडा हलवत असेल, तर त्याचा अर्थ एकच: पुढे काम चालू आहे. मी थांबलो. नुसता थांबलो नाही, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, काच खाली केली, डोकं बाहेर काढून विचारलं, “काय झालं, बाई?”

बाईंनी झेंडा टाकला आणि शिट्टी फुंकली. मग लाल झेंडा. मग सगळीकडे लाल झेंडे. सगळा ट्रॅक थांबला. इंजिनं एकेक करून गप्प झाली आणि त्या शांततेत माझ्या चारही इंडिकेटरांचा टिकटिक आवाज तेवढा उरला. ते मी सुरक्षेसाठी लावले होते.

लोक उतरून आले. मी नापास केलेली सगळी माणसं माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहिली.

“का थांबलात?” बाईंनी विचारलं. “गाडीला काही झालं?”

“नाही.”

“मग?”

त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघून माझी जीभ आपोआप त्या जुन्या छत्रीकडे गेली. “मिसेस,” मी म्हणालो. “मिसेसना वेग सोसत नाही. त्यांच्यासाठी म्हणून…”

अर्धवर्तुळातून एक मऊ, समजूतदार ‘अच्छा’ निघाला. सगळ्यांचे डोळे माझ्यावरून उठून तिच्यावर जाऊन बसले. बेकरीवाला खिडकीशी वाकला. “असू दे वहिनी, असू दे. पाणी देऊ?”

“नको,” ही म्हणाली.

आमची गाडी हळूहळू बाहेर काढून झाडाखाली लावायला सांगितलं. मी लावली, आरशात बघून, रेषेला समांतर. इंजिन बंद केलं. दूर ट्रॅकवर पुन्हा गाड्या फिरायला लागल्या होत्या. मी हेल्मेट काढलं. डोक्यावरचे होते नव्हते ते केस चिकटून बसले होते.

“चल,” मी म्हणालो. “दोघांनाही नाही सांगून टाकतो. तुला किती त्रास होतो ते आज लोकांनी बघितलं. आता कुणी काही म्हणणार नाही.”

तिनं हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. त्याच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “मला वेग सोसतो.”

“काय?”

“सोसतो. आवडतो. लग्नाआधी दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी घाट उतरायचे. तोच घाबरायचा. मला भीती कधीच वाटली नाही.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“नवीन लग्न झालं होतं. तुमचे मामा मागे बसले होते, मागून ट्रक हॉर्न देत होता. तुमचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते, मला दिसत होते. तुम्ही म्हणालात, हिला वेग सोसत नाही. आणि हात थांबले.” ती काचेकडे बघत बोलत होती. “मला वाटलं, एवढ्या एका वाक्यानं माणसाचे हात थांबत असतील, तर माझं काय जातंय? असू दे. म्हणून असू दिलं. पण मग ते सगळीकडे व्हायला लागलं. मामांपाशी, बिल्डिंगमध्ये, तुमच्या ऑफिसात. लिफ्टमध्ये बायका मला समजावतात. आज त्या माणसानं मला पाणी विचारलं. मी काय आजारी आहे का हो?”

बोलण्यासारखं जे होतं, त्यात ती कुठंतरी येत होतीच. दरवेळी तिला बाजूला काढून मी वाक्य पुन्हा जुळवायला घेतलं. शेवटी त्यात फार थोडे शब्द उरले.

“मला भीती वाटते,” मी म्हणालो.

“माहीत आहे.” तिचा आवाज तितकाच साधा होता, कोथिंबीर संपली सांगतानाच्या इतका. “ते नाही विचारत मी.”

समोरून डॉक्टर आणि पीटीच्या बाई येताना दिसल्या. डॉक्टर हात पुसत होते, बाईंच्या गळ्यात शिट्टी डुलत होती. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता.

“कुठली हवीय तुम्हाला?” ही म्हणाली. “माझं नाव मध्ये न आणता सांगा.”

ते दोघं खिडकीपाशी पोचेपर्यंत मी थांबलो नाही.

“निळी,” मी म्हणालो.